खोटे पाय, खरी धाव

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तेओदोर जेरिकोचं १८२१ सालचं तैलचित्र आहे. एप्सम डर्बीत धावणारे घोडे. पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, सगळे हवेत. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून दाखवलं, की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

मग जेरिको खोटारडा? मला नाही वाटत. मायब्रिजचा एकेक फोटो अचूक, पण थिजलेला. धाव जेरिकोकडे आहे. शिवाय चित्र चौकटीत असतं. आपण रचलेले आहोत हे ते लपवत नाही.

चॅटच्या स्क्रीनशॉटला मात्र चौकट दिसत नाही. त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो, आणि तेवढ्यावर आपण अख्खा माणूस निकालात काढतो. फॉरवर्ड करण्याआधी विचारायला हवं : याच्या आधी काय होतं, आणि नंतर?