सीलला पाजलेले पाणी

शाळेत आम्ही ज्यांना एस्किमो म्हणत असू, ते स्वतःला इन्युइट, म्हणजे ‘माणसे’, म्हणवितात. उत्तर ध्रुवाकडील त्यांच्या मुलखात झाडे नाहीत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करायचा, माप ज्याची होडी त्याच्या अंगावरून घ्यायचे, आणि वर बायकांनी शिवलेले सीलचे कातडे ताणून बसवायचे. अशी त्यांची जुनी कयाक. सीलच्या कातड्यात बसून सील मारावयास जायचे! पोटात मांस त्याचेच, आणि हिवाळ्याच्या लांबलचक रात्री दगडी दिव्यात जळे तीही त्याचीच चरबी.

पण मारलेला सील घरी आणला, की पुष्कळ ठिकाणी त्याच्या तोंडात गोडे पाणी ओतीत. खाऱ्या पाण्यातला जीव तहानलेला असणार, ही समजूत. ते पाणीही बर्फ वितळवून मिळवायचे. पाहुणचार नीट झाला, तर त्याचा आत्मा नवा देह घेऊन पुन्हा आपल्याकडे येईल, अशीही श्रद्धा होती.

येथेच शंका येते. ही कृतज्ञता, की सौदा? आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ अर्पण करतो. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी भरवितो आणि पुन्हा औताला जुंपतो. तेही देणेघेणेच नव्हे काय?

असेल. पण सौदा करावा लागतो तो ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याशीच, असे मला वाटते. सील नाही म्हणेल, दर्या नाही म्हणेल, हे ज्याने मनात धरले, त्याचा हात घेताना थोडा तरी आखडतो.

आमचे सिन्नर पर्जन्यछायेतले. दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या, ही आमची रीत. आणि इथेच विहीर आटली की बोअर, बोअर आटली की आणखी खोल बोअर. जमिनीला कोणी विचारीत नाही. तिलाही नाही म्हणता येते, हे कोरडी धूळ वर आल्यावर कळते. शाकाहारी माणसाचे हात रक्ताने भरत नाहीत. पण न विचारता घेतल्याचा दोष तेवढ्याने टळत नाही.

घेतल्यावाचून जगता येत नाही, हे खरेच. पाणी पाजल्याने सील उठत नाही, शिकाऱ्याचे ऋणही फिटत नाही. आपण कोणाचे तरी देणे लागतो, एवढे मात्र त्याला विसरता येत नाही. या दिवाळीत पणतीत तेल घालताना, हे ज्या शेतातून आले त्याला आपण काय परत दिले, असे घरातल्या मुलाने विचारले तर काय सांगावयाचे, एवढे आपण मोठ्यांनी ठरवून ठेवावे.