उसना कोट आणि सुती कुर्ता

मुलाखतीला योग्य पोशाख कोणता, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटला, तरी 'योग्य' म्हणजे कामाला योग्य की निवडणाऱ्याच्या नजरेला योग्य, हे ठरल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. खेडमधील रसायनशास्त्राची एक पदवीधर आणि तिचे निवृत्त प्राध्यापक यांच्यातील पुढील संवाद कल्पित आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात तिची मुलाखत असून, मैत्रिणीने तिला पॉलिस्टरचा कोट देऊ केला आहे.

पदवीधर: सर, उसना कोट घालणे म्हणजे नसलेली ऐपत दाखवणे, ही फसवणूक नव्हे का?

प्राध्यापक: समोरच्याचा गैरसमज झाला, तरच फसवणूक होते. मुलाखतीला माणूस ठेवणीतले कपडे घालून येतो, हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

पदवीधर: पण ज्याच्या घरी ठेवणीतले काहीच नाही, त्याचे काय? संकेत सर्वांना ठाऊक असला, तरी तो सर्वांना परवडतोच असे नाही.

प्राध्यापक: संकेताचा उलट उपयोगही झालेला आहे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांना, ज्यावरून जात ओळखू येते ती लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडून देण्यास सांगितले. ती वरच्यांची नक्कल नव्हती, लादलेली खूण पुसणे होते.

पदवीधर: त्या स्त्रिया कोणाची मर्जी मागत नव्हत्या. इथे नोकरी मागायची आहे.

(येथे प्राध्यापकांचा दाखला अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे; पुढे ते वादाची दिशाच बदलतात.)

प्राध्यापक: मग प्रश्न कामालाच विचारावा. ज्वालाग्राही द्रावकांच्या वाफा असतात तेथे कृत्रिम धाग्याच्या कापडावरील स्थिर विद्युत, म्हणजे घर्षणाने साचलेला विद्युतभार, ठिणगी पाडू शकते, आणि आग लागलीच तर ते कापड वितळून कातडीला चिकटते. फिरत्या यंत्राजवळ ओढणीही घातक ठरते. सुती कुर्ता, बांधलेले केस आणि बंद बूट यांतून ऐपत नव्हे, कामाची जाण दिसते.

पदवीधर: आणि वातानुकूलित खोलीत बसलेल्याला तो गबाळेपणा वाटला तर?

प्राध्यापक: वाटू शकतो. कुर्ता इस्त्रीचा असावा आणि विचारलेच तर कारण सांगावे. तरीही नाकारले, तर चूक त्याची असेल, नुकसान मात्र तुझे होईल.

पदवीधर: ते सोसता येईल, कोट परत जाईल. पण सर, बंद बूटही उसनेच आणावे लागणार आहेत.

प्राध्यापक: खुशाल आण. ते कोणाचेही असले, तरी पाय वाचवतात. कोटाबद्दल तसे म्हणता आले नसते.