चिकटवण्याआधी

गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली की सकाळी तिच्याखालची फरशी बरंच काही सांगते. इंजिन गार झालेलं असतं, वरचं ऑइल निथळून खाली आलेलं असतं आणि जिथून वाट मिळाली तिथून ते थेंब थेंब टपकलेलं असतं. बोटाला बुळबुळीत लागणारा काळपट डाग पट्टा फिरतो त्या बाजूला दिसला, की मेस्त्री बॉनेटमध्ये डोकावून सांगतो, ‘टायमिंग कव्हर गळतंय.’ आणि पाठोपाठ म्हणतो, ‘सिलिकॉन मारून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.’ या दोन वाक्यांच्या मध्ये जे राहून जातं, ते ज्याला स्वतःच्या हाताने काम करायचं आहे त्याने आधी समजून घ्यावं.

टायमिंग कव्हर म्हणजे इंजिनच्या तोंडावरचं झाकण. त्याच्या आत क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारी चेन फिरते. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरायचा, हा हिशेब ती सांभाळते. इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला 50 वेळा फिरतो आणि कॅम 25 वेळा. एवढ्या धावपळीत चेन कोरडी राहिली तर झिजून जाईल, म्हणून तिला सतत ऑइल मिळत असतं. ते ऑइल आत ठेवायचं आणि बाहेरची धूळ बाहेर, एवढंच कव्हरचं काम. जुन्या मारुती 800 सारख्या गाडीत चेनऐवजी रबरी बेल्ट असतो आणि तिथे सगळं उलट असतं. बेल्टचं घर कोरडंच हवं. तिथे ऑइल दिसलं तर दोष झाकणाचा नसतो, क्रँकच्या नाहीतर कॅमच्या सीलचा असतो. ऑइलने भिजलेला बेल्ट पुसून परत चढवायचा नसतो, बदलायचा असतो. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीत चेन आहे की बेल्ट, हे माहीत हवं.

दुसरी गोष्ट गळतीच्या मुळाची. ऑइल जिथे दिसतं तिथूनच निघालेलं असेल असं नाही. ते उताराने खाली येतं, धावत्या गाडीतली हवा त्याला मागे ढकलते, फिरती पुली त्याचे शिंतोडे उडवते. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग वयाने कडक झालं की वरून पाझरलेलं ऑइल टायमिंग कव्हरच्या कडेकडेने उतरतं आणि बोल खालच्या झाकणाला लागतो. वरचं पॅकिंग बदलणं बहुतेक गाड्यांत सोपं असतं. टायमिंग कव्हर उतरवायचं तर अर्धं इंजिन मोकळं करावं लागतं. म्हणून आधी इंजिनची ती बाजू नीट धुऊन कोरडी करावी, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडी फिरवून आणावी. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळतीचा उगम. ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंगही मिळतो, तो अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली दिसतो. साधन कोणतंही वापरा, शोधायची असते ती ओलाव्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा.

समजा, तपासाअंती झाकणच दोषी ठरलं. आता ऑइल काढायचं, पुलीवरचा बाहेरचा पट्टा उतरवायचा, इंजिनला खालून आधार देऊन त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, क्रँकच्या पुलीचा घट्ट बसलेला बोल्ट सोडवून पुली पुलरने सरळ ओढायची, टॅपेट कव्हर काढायचं, पुष्कळ गाड्यांत चेंबरही, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडंही, खाली घ्यायचं. कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला की पुढचा घोटाळा टळतो, कारण आखूड भोकात लांब बोल्ट पिळला तर अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो.

एवढं करून कव्हर हातात येतं तेव्हा काम संपत आल्यासारखं वाटतं. खरं तर ते तिथे सुरू होतं. कव्हरच्या कडेवर आणि इंजिनच्या तोंडावर जुन्या सिलिकॉनचा थर असतो. तो राहिला तर नवा सिलिकॉन धातूला धरत नाही, जुन्या थराला धरतो, आणि जुना थर तर आधीच सुटलेला. ओल आलेल्या भिंतीवर रंग चढवावा, तसाच हा प्रकार. बाहेरून सिलिकॉन मारण्याचा उपाय फसतो तोही यामुळेच. कव्हर जागेवर असताना बाहेरची कड तेलकट असते आणि आतून ऑइल येतच असतं.

हा थर प्लास्टिकच्या नाहीतर लाकडाच्या पट्टीने खरडावा. लोखंडी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर चर पडतो आणि तो चर म्हणजे ऑइलची उद्याची वाट. ड्रिलला घासणी चकती लावून काम झटपट उरकतं खरं, पण तिची बारीक भुकटी इंजिनमध्ये गेली तर बेअरिंग खाते. शेवटी ब्रेक क्लीनरने पुसायचं आणि त्यानंतर त्या कडेला बोटही लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणाही तिथे चालत नाही. या सफाईला अर्धा दिवस सहज जातो. सिलिकॉनची रेघ ओढायला काही मिनिटं पुरतात.

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात पॅकिंगचा कागद कव्हरवर ठेवून, कडेकडेने हातोडीचे हलके टोले देत तो कापला जाई. कड ओबडधोबड असली की ती हाताला आणि डोळ्याला तिथेच कळायची. आता सिलिकॉनची ट्यूब आली. ट्यूब सोयीची आहे, चांगलीही आहे, पण सगळं काम तीच करते असा समज तिने पसरवला. तो समज महागात पडतो. हा सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने आळतो, त्यावर काही मिनिटांतच साय धरते, म्हणून रेघ ओढल्यावर कव्हर लगेच बसवायचं असतं. रेघ साधारण तीन मिलिमीटरची, अखंड, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. हेड, ब्लॉक आणि कव्हर हे तिघं जिथे एकत्र येतात तिथे किंचित जास्त. यापलीकडे ‘असू दे थोडा अजून’ म्हणून दाबलेला प्रत्येक थेंब आत पिळून निघतो, पुढे कधी तरी तुटून चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल शोषणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की इंजिन ऑइलविना चालतं आणि जाम होतं. थेंब वाचवायला गेलेल्या माणसाचं इंजिनच जातं.

हेच बोल्टचं. कव्हरचे सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरवर आवळतात. दहा सेंटिमीटरच्या पान्याला टोकाशी दहा किलोचा जोर लावला की तेवढं होतं. त्याहून जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच प्रमाण मानावा. बोल्ट एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत. आधी सगळे हलके, मग थोडे अधिक, मग पूर्ण, समोरासमोरचे. दाब सगळीकडे सारखा पडला की थोड्या दाबातही जोड बसतो. त्यानंतर थांबायचं. ट्यूबवर लिहिलेली वेळ, बहुधा एक दिवस, होईपर्यंत ऑइल भरायचं नाही.

याच कव्हरात दुसऱ्या जातीचा एक जोड असतो. क्रँकचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे रबरी ऑइल सील असतं. कव्हर आणि ब्लॉक एकमेकांना धरून बसतात, पण इथे मधला दांडा अखंड फिरत असतो. इथे चिकटवून चालत नाही. सीलच्या ओठाला बसवण्याआधी ऑइल लावावं लागतं, नाहीतर पहिल्याच स्टार्टला तो कोरडा घासून जळतो. स्थिर जोड कोरडा हवा, फिरता जोड ओला. दांड्यावर बसणाऱ्या पुलीच्या ज्या भागावर सील टेकतं तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने चर पडलेला असेल तर नवं सीलही गळतं. तिथे पातळ स्टीलची बाही चढवतात नाहीतर पुली बदलतात.

आणि आता ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ते. प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदर असतो. पूर्वी तो वायू नळीने थेट रस्त्यावर सोडत. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या अमेरिकी गाड्यांत एका व्हॉल्व्हमधून तो परत इंजिनच्या श्वासात सोडायला सुरुवात झाली आणि पुढे ही रीत जगभर रुळली. हा व्हॉल्व्ह नाहीतर त्याची नळी काजळीने तुंबली की आत दाब साठतो, आणि तो दाब सर्वांत कमकुवत जोड शोधतो. कधी टायमिंग कव्हर, कधी सील, कधी टॅपेट कव्हर. आपण एक जोड पक्का करतो आणि महिन्याभरात दुसरा पाझरू लागतो. मग ट्यूबला शिव्या बसतात, मेस्त्रीला बसतात. आतल्या दाबाला वाट नाही, हे तसंच राहतं.

माणसांच्या जोडांचंही फार निराळं नाही. भांडण मिटलं की आपण गोड बोलण्याचा थर देतो, खालचा जुना थर न खरडता. जिथे दोघांनाही आपापल्या गतीने फिरायचं असतं तिथेही आपण चिकटवू पाहतो. आणि मनात साठलेलं बोलायला वाट ठेवली नाही, तर ते कुठल्याशा क्षुल्लक निमित्ताने बाहेर येतं. मग निमित्तालाच कारण समजून आपण तेवढंच बुजवत बसतो.

मग हे काम स्वतः का करावं? पैसे वाचतात, पण ते कारण दुय्यम. मेस्त्रीचा हात आपल्यापेक्षा कितीतरी तयार असतो. त्याच्याकडे नसतो तो वेळ, कारण दारात पुढची गाडी उभी असते आणि ‘किती वेळ लागेल?’ हा आपलाच पहिला प्रश्न असतो. अर्ध्या तासाचा उपाय आपणच मागतो. या कामात कौशल्यापेक्षा सबुरी जास्त लागते, आणि ती घरच्या माणसाला परवडते. मात्र दोन गोष्टी पक्क्या हव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, पक्क्या स्टँडवरच टेकवावी. आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून, ते रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्यावं. इंजिनला आधार देणं किंवा चेनची खूण जुळवणं यांत शंका वाटली तर तेवढ्यापुरता जाणता माणूस बोलवावा. त्यात कमीपणा नाही.

तेव्हा गाडीखाली डाग दिसला तर ट्यूब विकत घेण्याआधी ब्रीदरची नळी काढून पाहा. तुंबलेली असेल तर ती साफ करा, इंजिन धुवा आणि आठवडाभर गाडी चालवून बघा. त्यानंतरही गळालं, तरच कव्हरला हात घाला.