परशुरामाचा पत्ता

वाल्मीकींच्या बालकांडात परशुराम रामापुढे हरतो आणि महेंद्र पर्वताकडे निघून जातो. पुढे महाभारतात अस्त्रविद्येसाठी कर्ण त्याला शोधत निघतो, तेव्हा तो सापडतो महेंद्र पर्वतावरच. काव्य वेगळं, युग वेगळं, आजूबाजूची माणसं वेगळी. पत्ता मात्र तोच. बालकांडाचा बराच भाग नंतरचा असावा असं अभ्यासक सांगतात, त्यामुळे कुणी कुणाचा पत्ता उचलला हे उलटंही असू शकेल. पण कुणीतरी तो जुळवून घेतला. एका कथेतला वीर दुसऱ्या कथेत नेताना तो आधी कुठे होता आणि कशानं खचला होता, याची कुणालातरी फिकीर होती.

आजची मुलं ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात, तो आपल्याकडे हा असा जुना आहे. जाफराबाद-भोकरदनकडे सप्ताहात कीर्तन ऐकलेल्या माणसाला तीन स्पायडरमॅन एकाच पडद्यावर आले याचं फार नवल वाटायचं कारण नाही. त्यानं हनुमानाला भीमाच्या वाटेत आडवं पडलेलं ऐकलंय, रामाच्या सैन्यातल्या जांबवंताला कृष्णाशी कुस्ती खेळताना ऐकलंय. त्याला प्रश्न पडेल तो एवढाच, की हा तोच का? रामायणातला हनुमान आणि हा महाभारतातला हनुमान एकच, असं मानायला मन तयार होतं का?

वनपर्वातल्या हनुमानाच्या बाबतीत होतं. सौगंधिक कमळं आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारं वानर शेपूट पसरून पडलेलं असतं. भीमाला ते शेपूट हलवता येत नाही. इथे लंका जाळणारा हनुमान आधीच दाखवायचा मोह व्यासांना झाला नाही. थकलेला, मिस्कील, धाकट्या भावाला शिकवायला बसलेला थोरला भाऊ त्यांनी दाखवला. दोघंही वायुपुत्र, हे नातं आधीपासून पडून होतंच. ते फक्त उचललं. शिवाय युद्धात तो अर्जुनाच्या ध्वजावर बसतो, लढत नाही. ज्याचं युद्ध रामाबरोबर संपलं, त्यानं दुसऱ्याच्या युद्धात गदा उचलली असती तर तो मोठा झाला नसता, भाड्यानं आणलेला वाटला असता.

कीर्तनात मात्र दुसरी गोष्ट जास्त रंगते. रामानं बाणांचाच सेतू का नाही बांधला, असं अर्जुन गर्वानं विचारतो. मग पैज लागते, आणि अर्जुनानं बाणांचा सेतू बांधला की हनुमान तो मोडतो. लोक खूश होतात. मला ही गोष्ट वनपर्वातल्या गोष्टीपेक्षा हलकी वाटते. ज्याला स्वतःच्या बळाची आठवण दुसऱ्यानं करून द्यावी लागली, तो हनुमान पैजा मारत हिंडेल हे पटत नाही. अर्जुनाचा गर्व उतरवायला कथाकाराला एक जड वजन हवं होतं, म्हणून त्यानं हनुमान उचलून आणला. आधीच्या रूपाशी बेइमानी सुरू होते ती इथे: पात्र येतं ते दुसऱ्या कुणाचं तरी काम करायला.

जांबवंताची गंमत आणखी वेगळी. किष्किंधाकांडात तो म्हणतो, आता मी म्हातारा झालो, फार तर 90 योजनं उडी मारेन. तरुणपणी त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घातली होती. हाच म्हातारा पुढे एका युगानंतर स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी भागवताप्रमाणे 28 आणि विष्णुपुराणाप्रमाणे 21 दिवस झुंजतो. मग परंपरेनं ठिगळ लावलं: रामाशी दोन हात करायची त्याची इच्छा राहून गेली होती, ती रामानं पुढच्या अवतारात पुरवली. ठिगळ दिसतं, पण शोभतं. कारण लढाईच्या शेवटी जांबवंत कृष्णाला ओळखतो. बळाचा हिशेब चुकला तरी भक्तीचा चुकलेला नाही.

अमेरिकेतल्या कॉमिक्सवाल्यांना हा हिशेब फार जड गेला, कारण तिथे दोन घरांचा मानपान आडवा आला. 1976 साली डीसी आणि मार्व्हल या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एका अंकात आणले. दोघांची झुंज व्हायला हवी आणि कुणी हरायला नको! इमारती उचलणाऱ्या सुपरमॅनला कोळ्याच्या पोरानं ठोसा कसा मारायचा? तर सुपरमॅनचा शत्रू ल्यूथर याच्या किरणांनी स्पायडरमॅनला तात्पुरतं बळ येतं, तो सुपरमॅनला हाणतो, आणि मग दोघांची दोस्ती. सोयरिकीत दोन्हीकडच्या आहेरांची किंमत सारखी निघावी, तसं हे. 1996 च्या मार्व्हल-डीसी मालिकेत तर पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला होता. त्यात मार्व्हलच्या स्टॉर्मनं डीसीच्या वंडर वूमनला हरवलं. हरवलं म्हणजे, तिला मतं जास्त पडली. कोण कसा आहे यापेक्षा कुणाच्या बाजूला किती जण आहेत यावर निकाल लागला, की आधीच्या रूपाशी इमान वगैरे बोलण्यात अर्थ उरत नाही.

याउलट वेताळ आणि मँड्रेक. इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेल्या पिढीला हे दोघं घरचेच. 1977 साली वेताळाचं डायनाशी लग्न लागलं तेव्हा पाहुण्यांत मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार होते. ते मँड्रेक आणि लोथारच वाटतात, कारण दोन्ही मालिका ली फॉक यांच्याच. आपल्याच दोन मुलांना एका पंगतीत बसवताना मानपानाची चिंता नसते.

2021 च्या ‘स्पायडरमॅन: नो वे होम’मध्ये इमान आणि बेइमानी या दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात दिसतात. अँड्र्यू गारफिल्डचा स्पायडरमॅन 2014 च्या चित्रपटात प्रेयसी ग्वेनला पडताना वाचवू शकला नव्हता. इथे तो दुसऱ्याच स्पायडरमॅनच्या मैत्रिणीला झेलतो आणि त्याचा चेहरा पडतो. संवाद जेमतेम. तरी ज्यानं आधीचा चित्रपट पाहिलाय त्याला कळतं की हा तोच आहे, कारण त्याची जुनी जखम त्याच्याबरोबर आली आहे. आता खलनायक डॉक्टर ऑक्टोपस बघा. 2004 च्या चित्रपटात आल्फ्रेड मोलिनाच्या त्या ऑक्टोपसनं स्वतःच्या मनाच्या जोरावर यांत्रिक हातांची हुकमत मोडली आणि आपलंच यंत्र घेऊन नदीत बुडाला. त्याचं मोठेपण त्या बुडण्यात होतं. 2021 मध्ये त्याला त्या क्षणाच्या आधीच उचलून आणतात, आणि या चित्रपटातला स्पायडरमॅन, पीटर, त्याच्या मानेत नवी चिप बसवून त्याला चांगला करतो. तोच नट, तेच हात. पण स्वतः कमावलेली सुटका काढून घेऊन त्याला दुरुस्ती दिली. पोशाख आणि आवाज अगदी तंतोतंत ठेवून केलेली ही चोरी आहे, आणि टाळ्यांत ती खपून जाते.

आता आपल्या शिवारातला क्रॉसओव्हर. जाफराबाद आणि भोकरदनच्या मधे, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यानं दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी लढाई केली. मराठ्यांचा तळ कुठून कुठवर पसरला होता हे सांगताना त्याच्या खलित्यात भोकरदनच्या जोडीला जाफराबादचंही नाव येतं. या लढाईत एक माणूस असा आहे जो तिथे कधी नव्हताच: रिचर्ड शार्प. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराचा हा शिपाई 1981 पासून नेपोलियनच्या युद्धांत लढतोय, आणि त्याची पूर्वकथा अशी ठरली होती, की असईत त्यानं वेलस्लीचा जीव वाचवला म्हणून तो साध्या शिपायाचा अधिकारी झाला. खुद्द असईची कादंबरी, ‘शार्प्स ट्रायम्फ’, आली 1998 साली. लेखकानं आधी फळ दिलं आणि झाड सतरा वर्षांनी लावलं.

मधल्या काळात घोळ झाला होता. पुस्तकातला शार्प लंडनचा, काळ्या केसांचा. 1993 पासून टीव्हीवर शॉन बीन आला. भुऱ्या केसांचा, शेफील्डच्या बोलीचा. तो इतका बसला, की कॉर्नवेलनं नंतरच्या पुस्तकांत शार्पला पोरवयात लंडनहून यॉर्कशरला पळवून लावलं, म्हणजे बोली जुळली. केस मात्र भुरे केले नाहीत. हे मला आवडतं. नव्या रूपाचं जे सोसवेल ते घेतलं, उरलेलं नाकारलं.

आणि वेलस्लीचं काय? तो खरा माणूस. असईत त्याचा एक घोडा ठार झाला, दुसरा, डायोमेड, भाल्यानं जखमी झाला. वाटाडे म्हणत होते नदीला उतार नाही. त्यानं समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड पाहिली आणि ताडलं, की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसलीत म्हणजे उतार असणारच. तो तर्क कादंबरीतही त्याचाच राहतो, शार्पला बहाल होत नाही. जीव वाचवल्यावरही हा वेलस्ली कुणाच्या गळ्यात पडत नाही. कोरडा, अवघडलेला, एक दुर्बीण देऊन मोकळा होतो. खऱ्या वेलस्लीला ओळखणाऱ्यांना तो पटला असता.

पटणार नाहीत ते दुसऱ्या बाजूचे. शिंद्यांच्या तोफांवरचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा त्यांच्या पाठीवर वळवल्या, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक त्या दिवशी मेले वा जखमी झाले. कादंबरीत हे गोलंदाज शार्पनं कापायची गर्दी म्हणून येतात. बाणांच्या सेतूसाठी हनुमानाला आणलं तसंच त्यांना आणलंय: वजन म्हणून.

जाफराबादकडच्या एखाद्या लेखकानं त्यातला एक गोलंदाज घेऊन कादंबरी लिहावी. तोफेखाली श्वास रोखून पडलेला असताना त्याला वेलस्लीला वाचवणारा तो धिप्पाड शिपाई दिसलाच पाहिजे, कारण 1981 पासून तो तिथे आहे. शार्पला मूर्ख किंवा भित्रा करायचा मोह होईल. करू नये, तो शूर आहे, चोर आहे, आणि साहेबाकडून काही मिळेल या आशेवर आहे, हे कॉर्नवेलनं ठरवून ठेवलंय. गोलंदाजानं त्याला मारायचाही नाही, त्याला पुढे वॉटर्लूला जायचं आहे. मग गोलंदाजानं काय करायचं, ते त्या लेखकाला सुचायला हवं.