फांदी तोडण्याआधी कुणाला विचारावे?

लांजा-राजापूरकडच्या अनेक गावांत देवराईतली फांदी तोडायची तर आधी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीवर कळ्या चिकटवून गाऱ्हाणे घालतो. उजवी कळी पडली तर होकार.

वनस्पतिशास्त्राने असा कौल कधी लावला नाही. फ्रेंच अभ्यासक मिशेल आदांसाँ १७४९ मध्ये सेनेगलला पोहोचला. तिथले लोक बाओबाबची पाने अन्नात आणि औषधात वापरत. त्यांचा काढा तापापासून बचाव म्हणून आदांसाँही नियमाने पीत असे. त्याने वाळवून, कागदावर चढवून नेलेले नमुने आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. झाडाच्या शास्त्रीय नावात आदांसाँ अमर झाला, काढा जाणणारे मात्र निनावी राहिले. हेच झाड समुद्रामार्गे कोकणात आले आणि गोरखनाथांच्या नावाने गोरखचिंच झाले.

पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, सांगितले आहे. ते ज्ञानालाही लागू होते का?

व्हायलाच हवे. वाळलेला नमुना हे पाप नव्हे. एखादी वनस्पती कुठे, कोणत्या वर्षी उगवत होती याचा तो भक्कम पुरावा असतो. दोष आहे तो जाणकाराला वगळण्यात. केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांची १६७५ची साक्ष ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथात त्यांच्या नावानिशी छापली गेली, म्हणजे त्या काळीही हे शक्य होते. भारताच्या २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार आता गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिथे झाडाच्या नावाशेजारी, संमती घेऊन, ते ओळखणाऱ्या वैदूचेही नाव लिहिले गेले पाहिजे.