लक्ष ठेवणे आणि लक्ष असणे

वाकडमध्ये गृहभेटीस गेलो असता हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने आम्हांस आपला मोबाईल दाखविला. गावी एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या हृदयाचे ठोके त्यांच्या मनगटी घड्याळातून तेथे उमटत होते. ही सोय सहज लाभलेली नाही. 1940च्या दशकात अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी हिंडत्याफिरत्या माणसाचा हृदयालेख बिनतारी टिपला, तेव्हाचे यंत्र सुमारे 38 किलो वजनाचे होते व ते पाठीवर वाहावे लागे. आजचे घड्याळ हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाह पाहून ठोके मोजते, अनियमितपणाची सूचना देते. हृदयविकाराचा झटका मात्र त्यास खात्रीने ओळखता येत नाही.

‘‘वडिलांशी केव्हा बोललास?’’ आम्ही विचारले.

‘‘ठोके ठीक दिसतात, फादर. म्हणून फोन राहून जातो.’’

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. लक्ष ठेवले म्हणजे लक्ष असतेच काय? चुकलेला ठोका यंत्र कळवील. एकटेपणाने झुरणाऱ्या जिवाची खबर कोण देणार? घड्याळ जरूर असावे. त्याची सूचना येताच वैद्यकीय सल्लाही घ्यावा. परंतु आकडे ठीक असतील त्या दिवशीही ‘‘बाबा, जेवलात का?’’ असे विचारणे मुलाकडेच उरते.