देहाला कोण विचारतो?

इ.स. 410 मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. त्या कलंकित झाल्या काय, या प्रश्नाला संत ऑगस्टिन यांनी आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात उत्तर दिले आहे. शुद्धता हा मनाचा सद्गुण. मनाची संमती नसेल तर परक्याच्या वासनेने ती भ्रष्ट होत नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा आपल्या पुष्कळ घरांत अद्याप पोहोचलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

परंतु या निवाड्यात एक उणीव राहते, असे मला वाटते. आत्मा निर्दोष सुटला, देहाचे काय? बालपणी जिच्यावर घरातल्याच कुणी अत्याचार केला, ती स्त्री चाळिशीत पुरते जाणून असते की, दोष आपला नव्हता. तरीही मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की तिचा श्वास अडकतो, हातपाय गार पडतात. बुद्धीने दिलेली ग्वाही देहाला ऐकूच जात नाही. धोका ओळखणारी आपल्यातील यंत्रणा विचारापेक्षा वेगाने चालते. लहानपणी ती सतत जागी राहिली, तर पुढे निजायचे विसरते.

म्हणून काही उपचारक देहापासून आरंभ करतात. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतर उपचारांनी आघातातून पुरेशा न सावरलेल्या 64 स्त्रिया होत्या. योगवर्ग आठवड्यातून एकच तास, असे दहा आठवडे. अखेरीस योगवर्गातील 31 पैकी 16 जणींना त्या विकाराचे निदान लागू राहिले नाही; आरोग्यशिक्षण घेणाऱ्या 29 जणींत ही संख्या 6 होती. अभ्यास लहान आहे. औषध वा समुपदेशन सोडा, असे तो सांगत नाही. (योगाचे नाव काढताच आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. या वर्गांत मंत्रपठण नसते.) मला मोलाची वाटते ती त्यांची रीत. शिक्षिका कुणाच्या अंगाला हात लावून आसन सुधारीत नाही. आज्ञाही नसते. हवे तर हात उचलून पाहा, नको वाटले तर थांबा, इतकेच ती म्हणते. ज्या देहाला कुणी कधी विचारले नाही, त्याला येथे विचारले जाते. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे होते, ते उघडच होते. तरी प्रभू येशूने त्याला आधी विचारले.

आपण मात्र विचारीत नाही, सांगतो: ‘क्षमा कर, विसरून जा.’ क्षमेला माझा आक्षेप नाही, घाईला आहे. क्षमा ही मोकळ्या माणसाची कृती. जिच्या देहाला अजून ‘नाही’ म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’ला संमती कशी म्हणावी? शिवाय या घाईत बहुधा कुटुंबाची सोय असते. लग्नाच्या मांडवात त्या नातलगाची खुर्ची रिकामी दिसू नये, एवढीच. आणि अत्याचार आज एखाद्या मुलावर होत असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे क्षमेचा विषय काढूच नये.

पुनरुत्थानाच्या सकाळी प्रभूने मरिया मग्दालियेला आपल्याला बिलगू दिले नाही. आठ दिवसांनी थोमाला मात्र जखमांना हात लावण्यास स्वतः बोलावले. जखमा दोन्ही वेळा अंगावर होत्या.